मैदान कुणाचं आणि वार कोणता: दक्षिण इस्रायलमधल्या एका क्रिकेट क्लबाचं प्रकरण

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. इस्रायलच्या दक्षिणेकडल्या छोट्या गावांतल्या क्रिकेट क्लबांपुढे ज्या अडचणी येतात, त्या इथे एकाच क्लबाच्या रूपात मांडल्या आहेत. गाव, क्लब आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत. क्लबाचे आकडे या प्रकरणापुरते आहेत. कायदा, खेळाचे नियम आणि इतिहास मात्र जसाच्या तसा आहे. सगळ्या घडामोडी ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झालेल्या युद्धाच्या आधीच्या समजाव्यात.

पार्श्वभूमी

हे गाव नेगेवच्या वाळवंटाच्या कडेला 1950 च्या दशकात सरकारने वसवलेल्या नगरांपैकी एक. आधी मोरोक्कोहून आलेली कुटुंबं, मग कोकण आणि मुंबईतले बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, नंतर सोव्हिएत संघातून आणि इथिओपियातून आलेले, अशी वस्तीवर वस्ती चढत गेली. बेने इस्रायल कुटुंबांनी अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल इथून भाषा आणली, मलिद्याचं ताट आणलं आणि क्रिकेट आणलं. कोकणात त्यांना 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. या प्रकरणात तो शनिवार पुन्हा पुन्हा आडवा येतो.

मुंबईच्या क्रिकेटशी या समाजाचं नातं जुनं. 1969 ते 1977 या काळात 10 कसोटी सामन्यांत पंच म्हणून उभे राहिलेले ज्युडा रूबेन याच समाजातले. इस्रायलमध्ये खेळ ब्रिटिश अमदानीत आला. तो टिकवला भारत, दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंडहून आलेल्या ज्यूंनी. 1974 मध्ये इस्रायलला आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचं सहसदस्यत्व मिळालं. 1979 च्या पहिल्या आयसीसी ट्रॉफीत श्रीलंकेने इस्रायलविरुद्ध खेळायला नकार दिला, आणि पुढे स्पर्धा जिंकलीही श्रीलंकेनेच. आशियाची दारं राजकारणामुळे बंदच होती, म्हणून 1990 च्या दशकापासून इस्रायलचा संघ युरोपच्या गटात खेळतो. फुटबॉल आणि बास्केटबॉललाही हाच रस्ता धरावा लागला.

देशात खेळाला मान कसा मिळतो, हे इथे सांगायला हवं. इस्रायलमधले जुने क्लब राजकीय घराण्यांतून जन्मले: 'हापोएल' कामगार चळवळीचं, 'बेतार' उजव्या गटाचं, 'एलित्सुर' धार्मिक झिओनिस्टांचं, म्हणजे धर्म पाळणाऱ्या ज्यू राष्ट्रवाद्यांचं, 'मक्काबी' मध्यमवर्गाकडे झुकलेलं. 1932 पासून भरणारी मक्काबिया स्पर्धा म्हणजे जगभरच्या ज्यूंचा मेळाच. 1977 मध्ये मक्काबी तेल अवीवच्या बास्केटबॉल संघाने मॉस्कोच्या लष्करी संघाला हरवलं, तेव्हा त्या संघातला खेळाडू टाल ब्रॉडी म्हणाला की आम्ही नकाशावर आहोत आणि नकाशावरच राहणार. ते वाक्य आजही लोकांच्या तोंडी आहे. 2004 मध्ये बनेई साखनिन या अरब गावच्या संघाने फुटबॉलचा राष्ट्रीय चषक जिंकला, तोही एका समाजाने 'आम्हीही इथलेच' असं सांगण्याचा प्रकार होता. अशा देशात एखाद्या छोट्या समाजाच्या खेळाला नगरपालिकेच्या मैदानावर जागा असणं ही नुसती सोय राहत नाही, ती त्या समाजाची दखल असते. 1960 च्या दशकात रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, मंडळाने बेने इस्रायलांच्या लग्नांवरून शंका काढल्या, तेव्हा या समाजाला रस्त्यावर उतरावं लागलं होतं. 1964 मध्ये सरकारने त्यांचं पूर्ण ज्यूपण मान्य केलं, पण ती सल जुन्या पिढीच्या मनात राहिली. क्लबातली म्हातारी माणसं मैदानाबद्दल इतकी हळवी का होती, याचं उत्तर बरंचसं इथे सापडतं.

क्लबाची स्थिती अशी होती. नोंदलेले 34 खेळाडू. त्यांत 11 मुलं सोळाच्या आतली. 9 जण भारतातून आलेले केअरगिव्हर, म्हणजे वृद्धांच्या घरी राहून सेवा करणारे कामगार, बहुतेक केरळ आणि आंध्र-तेलंगणातले. बाकीचे बेने इस्रायल कुटुंबांतले, वय 25 ते 55. अठरा ते एकवीस या वयाचं जवळपास कुणी नाही, कारण ती वर्षं सैन्यात जातात.

खेळपट्टी नगरपालिकेच्या फुटबॉल मैदानाच्या मधोमध होती. काँक्रीटचा पट्टा, त्यावर मॅटिंग. फुटबॉलच्या हंगामात त्यावर माती चढवायची, मे महिन्यात ती खरवडून काढायची. मैदान फुटबॉलच्या मापाचं, 105 बाय 68 मीटर. पट्टा लांबीच्या दिशेने असल्यामुळे समोरची सीमारेषा मध्यापासून 52 मीटर, पण दोन्ही बाजूंची अवघी 34. कडेची मोकळी जागा धरून ती कशीबशी चाळीसवर न्यायची. स्क्वेअर लेगकडे अर्धवट बसलेला फटकाही सिक्स जायचा. तरीही पन्नास वर्षं त्यावर खेळ झाला.

अडचण

फेब्रुवारीत नगरपालिकेच्या क्रीडा विभागाचं पत्र आलं. मैदानावर कृत्रिम गवत बसणार, काम उन्हाळ्यात सुरू होणार, काँक्रीटचा पट्टा उखडला जाणार. फुटबॉलच्या गवतासाठी खालचा थर सगळीकडे सारखा दबणारा लागतो. मधोमध काँक्रीट ठेवलं तर खेळाडूचा गुडघा जाईल आणि मैदानाला प्रमाणपत्र मिळणार नाही. तांत्रिक दृष्ट्या नगरपालिकेचं म्हणणं बरोबर होतं.

क्लबाने पहिले तीन आठवडे चुकीच्या भांडणात घालवले. 'पन्नास वर्षांचा हक्क' म्हणून निवेदनं लिहिली. पण त्या हक्काचा एकही कागद नव्हता. दर एप्रिलमध्ये क्रीडा विभागाच्या प्रमुखाला फोन करायचा, तो 'हो' म्हणायचा, एवढाच करार. प्रमुख बदलला आणि करार संपला.

दुसरं दुखणं याहून मोठं निघालं. क्लब नोंदणीकृत संस्था होता. अशा संस्थेला तिथे 'अमुता' म्हणतात आणि तिचा कायदा 1980 चा. सरकारी किंवा पालिकेची मदत हवी असेल तर अमुतांच्या निबंधकाकडून 'योग्य व्यवस्थापना'चं प्रमाणपत्र लागतं, आणि ते दरवर्षी हिशोब आणि अहवाल दिले तरच मिळतं. क्लबाने दोन वर्षं अहवाल दिलेच नव्हते. खजिनदार आजारी पडले आणि वह्या त्यांच्या घरच्या कपाटात राहिल्या, एवढंच कारण. पालिकेतला माणूस सहानुभूतीने वागत होता, पण ज्या संस्थेचं प्रमाणपत्र नाही तिच्याशी त्याला कागदावर काही करताच येत नव्हतं.

आकडेही क्लबाच्या विरुद्ध होते. फुटबॉलच्या बालगटांत त्या गावात दोनशेहून जास्त मुलं, क्रिकेटची 11. खेळावरच्या सट्ट्यातून येणारा पैसा तिथे क्रीडा सुविधांसाठी वाटला जातो, आणि तो मिळवायचा तर मुलांची संख्या दाखवावी लागते. नगरसेवकाने एकच प्रश्न विचारला: 'तुमच्या 34 जणांसाठी मी त्या दोनशे मुलांना धुळीत खेळवू का?' याला क्लबाकडे उत्तर नव्हतं, आणि ते असायला हवं होतं.

पर्याय

एक: नव्या कृत्रिम गवतावरच गुंडाळता येणारी खेळपट्टी टाकायची. पालिकेला हे चाललं असतं. क्लबाने दुसऱ्या गावातल्या तशाच मैदानावर जाऊन पाहिलं. फुटबॉलच्या गवताचे धागे लांब असतात आणि त्यांच्यामध्ये वाळू आणि रबराचे दाणे भरलेले असतात. त्यावर टाकलेली पट्टी कुठे दबते, कुठे दबत नाही. दोन माणसांच्या उंचीहून वरून चेंडू सोडून पाहिला तेव्हा एका जागी तो गुडघ्यापर्यंत उसळला, हातभर पलीकडे घोट्याशीच राहिला. वेगवान गोलंदाजीला हे धोक्याचं आहे. शिवाय खिळ्यांच्या बुटांना तिथे बंदी. टेनिस बॉलसाठी चालेल, लेदर बॉलसाठी नाही, हा निष्कर्ष योग्य होता.

दोन: किनाऱ्याकडच्या मोठ्या शहरातल्या क्लबात विलीन व्हायचं. अंतर 70 किलोमीटरच्या वर. तिथले सामने बहुतेक शनिवारी. शनिवारी बस नाही, आणि शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतची धार्मिक विश्रांती, पाळणारी कुटुंबं गाडी चालवत नाहीत. म्हणजे विलीन होणार फक्त गाडीवाले आणि शब्बाथ न पाळणारे. मुलं तर गेलीच नसती. हा पर्याय बैठकीत दहा मिनिटांत बाजूला पडला.

तीन: सरकारी धार्मिक शाळेचं मैदान. मुख्याध्यापक उत्साही होते. मैदान लहान, पण मुलांच्या सरावाला पुरेसं. अट अशी की शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत फाटकाला कुलूप.

चार: गावाच्या कडेला ओढ्याजवळ पालिकेची पडीक जागा होती, पूर्व-पश्चिम 110 मीटर, उत्तर-दक्षिण 95. सपाट, पण सगळी लोएस माती. लोएस म्हणजे वाऱ्याने आणून टाकलेला पिठासारखा गाळ. कोरडा असताना तो दगडासारखा वाटतो, पाणी मुरलं की बसतो. त्यावर थेट काँक्रीट ओतलं तर पहिल्याच पावसाळ्यात पट्टा एका बाजूला खचणार. तरीही ही एकच जागा पूर्ण क्लबाला पुरणारी होती.

क्लब बंद करून वर्षातून दोनदा जेवणाला भेटायचं, हाही पर्याय एका ज्येष्ठाने मांडला. तो मनापासून मांडला होता आणि शांतपणे ऐकून घेतला गेला.

क्लबाने तिसरा आणि चौथा पर्याय एकत्र धरला: मुलांना शाळा, मोठ्यांना ओढ्याकाठची जागा.

पहिला निर्णय: कागद

नव्या अध्यक्षांनी सगळ्यात आधी जुन्या खजिनदारांच्या घरी जाऊन वह्या मागितल्या. आजारी माणसाकडे हिशोब मागायचा म्हणजे संकोच होतोच. म्हणून क्लबातल्या एका वयस्क बाईंना सोबत नेलं. 'अंकल, तुमच्या वह्या नीट आहेत, आम्हीच आळशी,' असं त्या म्हणाल्या आणि काम झालं. दोन वर्षांचे अहवाल एका लेखापालाकडून करून घेतले आणि थकलेली फी भरली. प्रमाणपत्र यायला चार महिने लागले. या चार महिन्यांत पालिकेशी बोलणी चालूच ठेवली, हे शहाणपणाचं ठरलं. कागद येईपर्यंत थांबले असते तर जागा दुसऱ्या कामाला गेली असती.

क्लबाने मागणीची भाषाही बदलली. हक्काऐवजी सेवा मांडली. गावातल्या दोन शाळांत आठवड्याला एक तास क्रिकेट शिकवू, एक शाळा ज्यू आणि एक शेजारच्या बेदुइन, म्हणजे वाळवंटातल्या अरब, वस्तीतली. त्यासाठी प्रमाणपत्र असलेला प्रशिक्षक लागतो. 1988 च्या क्रीडा कायद्यात प्रशिक्षकाची पात्रता, खेळाडूंची वैद्यकीय तपासणी आणि विमा या तिन्ही गोष्टी येतात. क्लबाकडे एकच प्रमाणित प्रशिक्षक होता. दुसऱ्या एका तरुणाला अभ्यासक्रमाला पाठवलं आणि फी क्लबाने भरली.

पाच वर्षांचा वापर-करार झाला. अटी चार: विमा क्लबाचा, पक्कं बांधकाम नाही, गावातल्या कुणालाही प्रवेश, शाळांचा कार्यक्रम चालू. जमिनीपासून वर उठत नाही म्हणून खेळपट्टीचा पट्टा 'पक्कं बांधकाम' धरला जाणार नाही, हे वाक्य करारात मुद्दाम घालून घेतलं. ते नसतं तर पहिल्याच तक्रारीला पट्टा उखडायची नोटीस आली असती.

दुसरा निर्णय: पट्टा

पट्ट्याची लांबी 28 मीटर ठेवली, रुंदी 2.75. स्टंप ते स्टंप अंतर 20.12 मीटर असतं, म्हणजे दोन्ही टोकांना जवळपास चार-चार मीटर उरतात. गोलंदाजाचं शेवटचं पाऊल काँक्रीटच्या कडेवर पडू नये, म्हणून ही जागा सोडतात. ज्यांनी पैसे वाचवायला 24 मीटर केले, त्यांच्याकडे घोटे मुरगळतात. नियमाप्रमाणे गवताची नसलेली खेळपट्टी किमान 17.68 मीटर लांब आणि 1.83 मीटर रुंद असली तरी चालते, पण ते किमान आहे.

खाली 30 सेंटीमीटर खणून लोएस काढला, 20 सेंटीमीटर खडीचा थर दोन हप्त्यांत टाकून दाबला, त्यावर जाळी आणि 10 सेंटीमीटर काँक्रीट. काँक्रीटचा हिशोब 7.7 घनमीटर येतो, मागवलं 8. पाणी वाहून जावं म्हणून एका बाजूला शंभराला एक इतका उतार.

इथे दोन चुका झाल्या, आणि दोन्ही सांगण्यासारख्या आहेत.

पहिली सांध्यांची. 10 सेंटीमीटर जाडीच्या स्लॅबला दर अडीच-तीन मीटरवर सांधा कापावा लागतो, म्हणजे काँक्रीट आकसताना तडा आपण ठरवू तिथे जातो. क्लबातल्या गोलंदाजांनी हट्ट धरला की गुड लेंग्थच्या पट्ट्यात, म्हणजे स्टंपांपासून चार ते आठ मीटरच्या भागात, सांधा नको, चेंडू उडेल. म्हणून सांधे फक्त तीन कापले, दोन स्टंपांच्या मागे आणि एक मधोमध. दहा-दहा मीटरचे दोन अखंड तुकडे झाले. भीती अनाठायी होती. 3 मिलिमीटरचा बारीक सांधा भरून घेतला आणि वर मॅटिंग आलं की चेंडूला तो जाणवत नाही.

दुसरी चूक वाराची. ठेकेदाराची गाडी गुरुवारी मोकळी होती, म्हणून गुरुवारी काँक्रीट ओतलं. जून महिना, सकाळचे अकरा, वाळवंटाकडून कोरडा गरम वारा. ताज्या काँक्रीटला निदान सात दिवस ओलं ठेवावं लागतं, त्यातले पहिले तीन सर्वांत महत्त्वाचे. गोणपाट अंथरले, शुक्रवारी दुपारपर्यंत पाणी मारलं. मग शब्बाथ लागला. पाणी मारायची पाळी ज्यांच्याकडे होती ते तिघेही शब्बाथ पाळणारे. शनिवारी रात्री तीन तारे दिसल्यावर मंडळी टॉर्च घेऊन गेली, तोवर गोणपाट कुरकुरीत वाळले होते आणि दक्षिणेकडच्या स्टंपांपासून 5.6 मीटरवर पट्ट्याला आडवा तडा गेला होता. नेमका गुड लेंग्थवर.

रविवारी ओतलं असतं तर सहा दिवस हातात होते. पहाटे ओतलं असतं तर वाऱ्याच्या आधी वरचा थर घट्ट झाला असता. शनिवारी पाणी मारायला केअरगिव्हर मुलांपैकी कुणी आनंदाने आलं असतं, पण त्यांना कुणी विचारलंच नाही. हे न विचारणं या प्रकरणात पुन्हा एकदा येतं.

दुरुस्तीसाठी तडा सेंटीमीटरभर रुंद चर करून उघडला, इपॉक्सी भरली, घासून सपाट केली. महिनाभर थांबून वर मॅटिंग चिकटवलं. उन्हाने कडा सुटतात म्हणून कडेला ॲल्युमिनियमची पट्टी ठोकली. लोएसची धूळ मॅटिंगच्या केसांत बसली की उसळी कमी होते, त्यामुळे दर सामन्याआधी कडक झाडूने केसांच्या उलट दिशेने झाडून घ्यावं लागतं.

पट्ट्याची दिशा हाही वादाचा मुद्दा झाला. सूर्य फलंदाजाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून खेळपट्टी उत्तर-दक्षिण ठेवतात. जागेची लांबी मात्र पूर्व-पश्चिम होती. उत्तर-दक्षिण ठेवल्याने समोरची सीमारेषा मध्यापासून 47 मीटर झाली, बाजूंची 55. जुन्या मैदानाच्या नेमकं उलट, आणि फलंदाजांना सरळ खेळायची नवी सवय लागली.

तिसरा निर्णय: वार

सगळ्यात कमी वेळ याला दिला गेला आणि सगळ्यात जास्त परिणाम याचाच झाला.

इस्रायलमध्ये कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो. शुक्रवार अर्धा, शनिवार सुटी. खेळ आणि शब्बाथ यांचं भांडण जुनं आहे. 2015 मध्ये दुसऱ्या श्रेणीच्या फुटबॉल लीगचे सामने शनिवारी ठेवले तेव्हा शेकडो खेळाडूंनी विरोध केला. मंत्र्यांच्या परवान्याशिवाय खेळाडूंना शनिवारी कामाला लावणं कायद्यात बसत नाही, असं कामगार न्यायालयाने म्हटलं. फुटबॉल संघटनेने सगळेच सामने थांबवण्याचा इशारा दिला. शेवटी महाधिवक्त्यांनी कायद्याची अंमलबजावणी करणार नाही असं सांगितलं आणि खेळ चालू राहिला. देशाने उत्तर दिलं नाही, जे चालत आलं होतं तेच चालू दिलं. क्रिकेट क्लबाला मात्र उत्तर द्यावंच लागणार होतं, कारण कराराच्या अर्जात 'वापराचे दिवस' असा रकाना होता.

सभा बोलावली. 23 सभासद आले. शुक्रवारच्या बाजूने 14, शनिवारच्या बाजूने 9. सामने शुक्रवारी ठरले. पन्नास षटकांचा सामना तासाला पंधरा षटकांच्या गतीने सात तासांवर जातो. शुक्रवारी घरी स्वयंपाक, बाजार, सगळं सूर्यास्ताच्या आत उरकायचं असतं. म्हणून चाळीस षटकं, सुरुवात सकाळी साडेसातला, शेवट दीडच्या आत. नियोजन चोख होतं.

पण त्या सभेत केअरगिव्हर खेळाडूंपैकी एकही नव्हता. वर्गणी भरलेले, गावात राहणारे तेच सभासद, असा नियम होता, आणि ही मुलं खेळाडू म्हणून नोंदलेली असली तरी सभासद नव्हती. त्यांची आठवड्याची सुटी सहसा शुक्रवारी दुपारनंतर सुरू होते आणि शनिवारी रात्री संपते. शुक्रवारी सकाळी साडेसातला ती आजी-आजोबांना अंघोळ घालत असतात. पहिल्या हंगामात नऊपैकी दोघेच आले, तेही मालकाच्या मुलीने सकाळ सांभाळून घेतली म्हणून. क्लबाचे दोन सर्वोत्तम गोलंदाज गेले. त्यांनी तेल अवीवजवळच्या एका बागेत टेनिस बॉलचा आपला वेगळा खेळ सुरू केला.

दुसरा परिणाम कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता. बेदुइन शाळेतली तीन मुलं चांगली निघाली, त्यांना मोठ्यांच्या संघात घ्यायचं ठरलं. शुक्रवारी दुपारी त्यांची जुम्म्याची नमाज असते. दीडला संपणारा सामना नेमका त्यावर येतो.

एक वार निवडला की माणसं निवडली जातात. सभेत चर्चा मात्र ऊन, जेवण आणि गाड्या यांचीच झाली.

बदल

दुसऱ्या हंगामाआधी क्लबाने दोन गोष्टी केल्या. नियम बदलून 'खेळाडू सभासद' असा वर्ग केला, वर्गणी निम्मी, मताचा हक्क पूर्ण. आणि सामने वाटून घेतले: महिन्याला दोन शुक्रवार, एक शनिवार, एक आठवडा मोकळा. ज्या शुक्रवारी बेदुइन मुलं खेळतात तेव्हा सामना पंचवीस षटकांचा, साडेअकराच्या आत संपणारा.

शनिवारचा प्रश्न प्रवासाचा होता. बस नाही आणि टॅक्सी परवडत नाही. तोडगा एका आंटींनी काढला. केअरगिव्हर मुलांनी शुक्रवारी दुपारी शेवटच्या बसने गावात यायचं, क्लबातल्या कुटुंबांकडे राहायचं, शनिवारी सकाळी चालत मैदानावर जायचं आणि रात्री शब्बाथ सुटल्यावर पहिल्या बसने परतायचं. शुक्रवारी रात्री किद्दुश, म्हणजे वाईनवर म्हणायची शब्बाथची प्रार्थना, झाल्यावर नारळाच्या दुधातली माशांची आमटी आणि भात. केरळच्या मुलांना ती आमटी इतकी ओळखीची वाटली की पहिल्याच घरात पातेलं रिकामं झालं. शब्बाथ पाळणारे शनिवारी खेळत नाहीत, पण बरेच जण चालत येऊन झाडाखाली बसतात. धावफलक ते लिहू शकत नाहीत, म्हणून वही केअरगिव्हर मुलांकडे आली. त्या वहीत आता काही नावं मल्याळी वळणाने लिहिलेली दिसतात.

सगळे राजी झाले असं नाही. शनिवारी क्लबाच्या नावाने काहीच होऊ नये, असं मानणारी दोन कुटुंबं बाहेर पडली. त्यांची मुलं शाळेच्या सरावाला अजून येतात.

निष्पत्ती

तिसऱ्या हंगामाच्या शेवटी मुलं 11 वरून 27 झाली, त्यात 6 मुली. केअरगिव्हर दोनवरून सात झाले, जुन्या दोन गोलंदाजांपैकी एक परतला. एकूण खर्च सुमारे 48 हजार शेकेल आला. त्यातला निम्मा वर्गणी आणि देणग्यांतून, उरलेला प्रमाणपत्र आल्यावर मिळालेल्या पालिकेच्या अनुदानातून. लीगमध्ये संघ खालच्या अर्ध्यातच राहिला. बाहेरचं मैदान अजून उघडी लोएस माती आहे. लेदर बॉल पंधरा षटकांत खरखरीत होतो, म्हणून प्रत्येक डावाला दोन चेंडू ठेवतात.

काय वेगळं करता आलं असतं

वर्षाला एक पान लिहून सही घेतली असती, तर जुन्या मैदानावरून हलवताना पालिकेला पर्यायी जागा देण्याची बोलणी आधीच करावी लागली असती. ज्या क्लबांकडे आज तोंडी परवानगी आहे, त्यांनी संबंध गोडीगुलाबीचे असतानाच ती कागदावर आणावी. वाद सुरू झाल्यावर कुणी सही करत नाही.

वाराचं मतदान करण्याआधी प्रत्येक खेळाडूचा आठवडा कागदावर मांडायला हवा होता: कोण कधी सुटतो, कुणाची प्रार्थना कधी, बस कधी. चौतीस जणांचा हा तक्ता एका संध्याकाळचं काम आहे. तो केला असता तर पहिला हंगाम वाया गेला नसता आणि कदाचित ती दोन कुटुंबंही आधी बोलली असती.

पट्ट्याचं काम गोलंदाजांच्या मताने नाही, काँक्रीटच्या स्वभावाने करायला हवं होतं.

एक निर्णय मात्र अजूनही दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखा आहे. जागेच्या लांबीप्रमाणे पट्टा पूर्व-पश्चिम ठेवला असता, तर समोर 55 मीटर मिळाले असते. शुक्रवारी दीडला संपणाऱ्या सामन्यात मावळतीचा सूर्य आडवा येतच नाही, साडेसातचा उगवतीचा मात्र थोडा वेळ येतो. शनिवारचे सामने आले तेव्हा उत्तर-दक्षिणचा फायदा कळला, कारण ते लांबतात. पट्टा ठरवताना शनिवार चर्चेतच नव्हता. तो योगायोगाने बरोबर बसला.

करार पाच वर्षांचा आहे. ओढ्याकाठून रस्ता नेण्याची पालिकेची एक योजना आहे, आणि नकाशात ती रेषा मैदानाच्या पश्चिम कडेवरून जाते. या वेळी क्लबाने त्या नकाशावर आक्षेपाचा अर्ज मुदतीत दिला आहे. सोबत शाळांतल्या मुलांची हजेरी जोडली आहे, 27 नावांची.